नवस माझा, पोट त्याचं

१८ एप्रिल, गुरुवार. जळगाव

सकाळी साडेसातला भूषणचा फोन. चैत्रातले नऊ दिवस काल संपले.
"झाले मम्मी. देवीला सांगून टाक, पोराने पूर्ण केले."
उपास कशाने सोडलास?
"चहाने."
नुसत्या?
"बिस्किट होतं."
आवाज सादळलेल्या पापडासारखा. बरं नाही का, विचारलं. "काम थोडं बिघडलं. सांगतो नंतर." आणि ठेवला.
तोफखान्यात आठ वर्षं झाली. थंडीने ओठ फुटले, बूट चावला, बदली लांबली, सगळं सांगतो. काम बिघडलं असं कधी म्हणाला नव्हता.
मी काल नैवेद्याला पुरण केलं. दोन पोळ्या खाल्ल्या, तूप घालून. मला उपास चालत नाही. शुगरची गोळी असते, डॉक्टरांनी बंद केलेत.

२१ एप्रिल, रविवार

आज सांगितलं.
भू. तोफ डागत नाही. ती कुठे रोखायची, किती उचलायची, ते आकडे मांडतो आणि मोठ्याने सांगतो. तो सांगेल तिथे तोफ बघते. १५ तारखेला सराव होता. एक आकडा उलटा सांगितला. सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर.
"कागदावर बरोबर होता मम्मी. मी बघत होतो कागदाकडे. तोंडातून उलटा आला."
शेजारी उभ्या साहेबांच्या लक्षात आलं, त्यांनी हात वर केला. गोळा सुटला नाही. सुटला असता तर पलीकडच्या टेकडीमागे आपल्याच जवानांचा पहारा होता. "सहा जण होते तिथे." हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं.
त्याला आकड्यांवरून काढलं. चौकशी आहे. युनिटच्या डॉक्टरांनी विचारलं, नींद? ठीक साहब. खाना? ठीक साहब. घर में? ठीक साहब.
फोन ठेवल्यावर कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. पाडवा नऊला. १५ म्हणजे सातवा दिवस.

२२ एप्रिल, सोमवार

दिवसभर काही सुचलं नाही. दूध उतू गेलं. पुसलं नाही.
अठ्ठावीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं मी. ज्युनियर कॉलेजच्या त्या पत्र्याच्या वर्गात फळ्यावर एक डोकं काढायची आणि डोक्यात एक चूल. मुलींना सांगायची, मेंदू घरातला सगळ्यात खादाड पाहुणा. स्वतःजवळ काही साठवत नाही, थोड्या थोड्या वेळाने मागत राहतो. दिलं नाही तर हातपाय चालतात, माणूस उभा दिसतो, पण लक्ष आधी जातं. नावं चुकतात, ओळ सुटते, आकडा उलटतो. 'आकडा उलटतो', हे माझेच शब्द. मुली हसायच्या. एक म्हणायची, मॅडम, मग माझा पाहुणा गणिताच्या तासाला रोज उपाशीच येतो वाटतं.
एक प्रश्न मी हमखास टाकायची. 'सैनिक, वाहनचालक, परिचारिका यांच्यासाठी सकाळच्या आहाराचे महत्त्व लिहा.' पाच गुण.
आज मला त्यात शून्य.

२४ एप्रिल, बुधवार

लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.
जानेवारीत भू. वर बर्फात होता. अकरा दिवस फोन नाही. मी इथे एकटी. हे जाऊन सहा वर्षं झाली. धुळ्याहून थोरल्या जाऊबाई, अक्का, सोबतीला आल्या. त्या म्हणाल्या, गडावर जाऊन येऊ. गेलो. वणीची देवी आमच्या घराण्याची. पायऱ्या चढताना मनात काहीच नव्हतं. वर पोचले, देवीचे ते मोठे डोळे दिसले आणि मी मोठ्याने बोलून मोकळी झाले. माझं पोर सुखरूप खाली उतरू दे, चैत्राचे नऊ दिवस तो अन्न घेणार नाही.
तो. मी नाही.
अक्कांनी नवस बोल एवढंच म्हटलं होतं. काय बोल ते नव्हतं सांगितलं. ते माझ्या तोंडचं. मला उपास चालत नाही म्हणून मी पोराचं पोट पुढे केलं. इकडे सगळे असंच करतात. आई बोलते, पोरगा फेडतो. केस ठेवतो, अनवाणी चालतो. कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मार्चमध्ये खाली उतरल्यावर फोनवर सांगितलं फक्त. तो हसला. "तू बोललीस ना, मग झालं."
सरावाच्या मैदानावर, रेंजवर, कोणाला कळू दिलं नाही. सरावात उपाशी उभं राहू दिलं नसतं. रोज ताट घ्यायचा आणि शेजारच्याला द्यायचा. दिवसाला दोन केळी आणि चहा.

२८ एप्रिल, रविवार

सिस्टर आग्नेस आठवल्या. भुसावळची शाळा, रेल्वे कॉलनीतून चालत दहा मिनिटं. बाबा गार्ड होते. शाळेत प्रार्थनेला मेरी, घरी संध्याकाळी शुभं करोति, मला दोन्ही पाठ. दहावीच्या परीक्षेला सि. आग्नेस दारात उभ्या. हातात परात. उकडलेली अंडी, केळी. प्रत्येकीला विचारायच्या, काय खाऊन आलीस. मंगळवार होता, आम्ही चौघी उपाशी. परीक्षेसाठीच धरला होता मंगळवार. सि. म्हणाल्या, रिकाम्या पोटी माझ्या वर्गात पेपर कोणी लिहायचा नाही. खा. देवाला मी सांगते.
त्यांचं मराठी मोडकं होतं, तरी 'देवाला मी सांगते' अगदी स्वच्छ. जसं काही शेजारच्या खोलीतच आहे तो.
अंडं खाल्लं. घरी सांगितलं नाही. भूमितीत बासष्ट.
सि. नी देवाला निरोप दिला आणि मला खायला घातलं. मी देवीला निरोप दिला आणि पोराला उपाशी ठेवलं. शाळा तीच.

५ मे, रविवार. धुळे

सकाळच्या बसने अक्कांकडे गेले. बोलायचंच होतं. ओट्यावर मूग निवडत बसल्या होत्या.
"काय व शैला, इतलं ऊन तपी ऱ्हायनं नी तू उनी?"
सगळं सांगितलं. सातवा दिवस, उलटा आकडा, सहा जण. त्यांचा हात थांबला नाही.
"गोळा सुटना नही. कोणाले लागना नही. हाई कोणी करं? देवीनीच ना?"
म्हटलं, अक्का, तो उपाशी नसता तर आकडा चुकलाच नसता.
"नवस देवीना शे. तुना कॉलेजना धडा नही तो. नी तुमना कॉलेजमा दहीभात खाईसन पोरी नापास व्हयन्याच नहीत का?"
नाना, माझे थोरले दीर, आतून हसले. मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला.
जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पोटभर जेवले. परतीच्या बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली, वाटलं मला मळमळतंय.

११ मे, शनिवार

प्रकरण वाढलं. चौकशीत कारण सापडेना. नोंद आठ वर्षं स्वच्छ, दारू नाही, भांडण नाही. मग राहिलं डोकं. त्याला मोठ्या इस्पितळात डोक्याच्या डॉक्टरांकडे पाठवणार. नंतर मेडिकल बोर्ड. तिथे जो शेरा बसेल तो कायमचा. तोफेजवळ परत नाही, बढती नाही, कदाचित घरी.
म्हटलं, अरे सांग ना त्यांना, उपाशी होतो.
"काय सांगू? मम्मीने नवस बोलला म्हणून उपाशी राहिलो? मम्मी, उपाशी ड्यूटी केली आणि लपवलं, हा वेगळा गुन्हा आहे. सहा जणांच्या जिवाशी खेळलो, जाणूनबुजून. आत्ता निदान नकळत चुकलो."
आणि न सांगितलं तर वेडा ठरशील.
"ठरू दे. तुझं नाव येणार नाही त्यात."
शपथ घातली मला. कोणाला सांगायचं नाही.
हे असते तर काय म्हणाले असते? ह्यांनी मुळात नवस बोलूच दिला नसता.

१६ मे, गुरुवार

भू.ला लंगरात टाकलंय, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात. निकाल लागेपर्यंत. तोफेचे आकडे काढून घेतले, अंड्यांचे दिले. बटाटे उतरवून घेतो, अंडी मोजतो. "तुझ्या लाईनीत आलो बघ मम्मी." हे तो गमतीने म्हणाला. मला लागलं.
मी एक सांगितलं, ते मात्र त्याने ऐकलं. रोज दुपारी एकला ताटाचा फोटो पाठवायचा. खाण्याआधी. मी तपासणार.
"मार्क देणार का?"
देईन.

१७ मे

पहिला फोटो. भात, डाळ, बटाट्याची भाजी, पापड. हिरवं काही नाही. दहापैकी पाच. लिंबू मागून घे, लिहिलं.

२० मे

काकडी, दही आलं. सात. सकाळी काय? "दोन अंडी, पराठा." पाणी? "पितो गं." किती? नुसता अंगठा आला.

२५ मे, शनिवार

पार्सल केलं. भाजलेले शेंगदाणे, तीळ-जवसाची चटणी, फुटाणे, खजूर. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दोन किलो. लंगरातच आहे, भाजून घेईल भाकरी. चिठ्ठी घातली, पहाटेच्या पीटीनंतर मूठभर, दुपारी चारला मूठभर, रिकामं जायचं नाही. त्याच्या लहानपणी डब्यात अशीच चिठ्ठी असायची. 'आधी पोळी, मग लाडू.' तो लाडू आधी खायचा आणि चिठ्ठी परत आणायचा, जपून, घडी न मोडता.
पोस्टात वजन करणारा म्हणाला, मॅडम, पोराला पाठवताय की पलटणीला?
म्हटलं, तो खाईल असं गृहीत धरत नाही मी आता. शेजारच्याला दिलं तरी उरेल, दोघांचं घातलंय.

३ जून, सोमवार

भू.चा मेसेज. 'आज बसल्या बसल्या आकडे घेतले. साठ जोड्या. बघायच्या आणि तोंडाने म्हणायच्या. एकही उलटा नाही. त्या आठवड्यात वीसमध्ये तीन चुकायचे. मला कळत होतं मम्मी.'
शेवटचं वाक्य वाचून फोन उलटा ठेवला. कळत होतं. चुकतंय हे कळत होतं आणि तरी खाल्लं नाही. कारण आई बोलली होती.
मी त्याला आज्ञाधारक केलं याचा मला केवढा अभिमान होता.

९ जून, रविवार

भडगावचं स्थळ गेलं.
मुलगी शिक्षिका, घर शेतीवाडीचं, फेब्रुवारीत सगळं ठरल्यासारखं होतं. फक्त भू.च्या सुट्टीची वाट. आज मुलीच्या वडिलांचा फोन. फार गोड बोलले. "मुलगा सोन्यासारखा आहे हो ताई. पण आम्ही ऐकलं, तब्येतीचं जरा." कसल्या तब्येतीचं? "आता तुम्हीच समजून घ्या."
जळगावात हे कोणालाच माहीत नाही. मी बोललेले नाही. म्हणजे धुळ्याहून, तिथे आकड्याचं मीच सांगितलं होतं. अक्कांना फोन लावला.
"मी काय वंगाळ बोलनू? वरणगावले साखरपुडामा त्यासनी बाई भेटनी. पोऱ्याना डोकाले जरा तरास शे, इतलंच सांगं. बरं व्हई जाई असं बी सांगं."
उपासाचं सांगितलं का?
"नवसनं कसं सांगू व? देवीनं नाव खराब व्हतं."
म्हणजे देवीचं नाव राखलं, माझं राखलं, आणि पोराचं डोकं वाटेवर मांडलं. जोरात बोलले त्यांना. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. नंतर शुगर उतरल्यासारखं वाटलं. गूळ खाल्ला. माझ्यासाठी घरात गूळ होता.

१९ जून, बुधवार

मोठ्या इस्पितळात भू. चार दिवस राहून आला. चित्रं दाखवली, ठोकळे लावायला दिले, प्रश्न विचारले. डॉक्टर चांगले होते म्हणतो. एकदा विचारलं त्यांनी, उस हफ्ते खाना बराबर खा रहे थे? हा म्हणाला, जी.
दार उघडून दिलं होतं कोणीतरी. हा आत गेलाच नाही.
बोर्ड ऑगस्टमध्ये.

२६ जून, बुधवार

पत्र लिहायला बसले. त्याच्या सी.ओ. साहेबांना. इंग्रजीत. सि. आग्नेस यांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून तसंच येतं, उजवीकडे झुकणारं. पहिल्या कागदावर माफी फार झाली. फाडला. दुसऱ्यावर शिकवायला लागले, मेंदू आणि साखर आणि सगळं. फाडला. तिसरा छोटा. मी अमुकची आई. नवस मी बोलले. माझ्या शब्दाखातर त्याने नऊ दिवस अन्न घेतलं नाही, चूक सातव्या दिवशी झाली. त्याच्या डोक्यात दोष नाही. दोष माझ्याकडे आहे. ज्या दिवशी तो जेवलेला असेल त्या दिवशी त्याची परीक्षा घ्या.
पाकिटात घातलं. कपाटात ठेवलं. शपथ आहे.

४ जुलै, गुरुवार

पत्र कपाटात. आजचं ताट: वरण, भात, मेथी, दोन अंडी, लिंबू. दहापैकी नऊ. तो मार्क वाचतो आणि अंगठा पाठवतो. एवढंच आमचं बोलणं. पण रोज आहे.
शपथ मोडली तर काय होतं? काही होत नाही. नवस मोडला असता तर काय झालं असतं? तेच.

८ जुलै, सोमवार

रजिस्टरने पाठवलं. खिडकीतला माणूस पाकीट उलटं-सुलटं करून बघत राहिला. "हाताचं अक्षर! मॅडम, असं आता येतच नाही आमच्याकडे." पावती पर्समध्ये, देवीच्या फोटोमागे.
येताना बाजारात केळी घेतली. डझनभर. एकटीला कशाला, कोण जाणे.

२३ जुलै, मंगळवार

आज एक वाजता फोटो नाही. दोनला फोन.
"पत्र तू लिहिलंस?"
हो.
"सी.ओ. साहेबांनी वाचून दाखवलं मला. उभं करून."
रागावले का?
"ते नाही रागावले. म्हणाले, माँ पढ़ी-लिखी है. बोर्डाला पाठवलं पुढे." मागे भांड्यांचा आवाज. "मम्मी, मी शपथ घातली होती."
मला राहवलं नाही रे. तू वेडा ठरणार होतास.
"आता खोटारडा ठरेन. डॉक्टरांना मी 'जी' म्हणालो होतो. लिहिलंय ते त्यांच्याकडे."
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.
मग अगदी हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "नवस बोललीस तेव्हा मला विचारलं नाहीस. पत्र टाकलंस तेव्हाही नाही."
ठेवला.

२४ जुलै

फोटो नाही.

२५ जुलै

नाही.

२९ जुलै, सोमवार

नाही. एक वाजता फोन हातात घेऊन बसते. सव्वा, दीड. मग मी जेवते. गोळी घेतलेली असते, जेवावं लागतं.
मी 'जेवलास का' असं अकरा वेळा लिहिलं. निळ्या खुणा येतात. वाचतो.

४ ऑगस्ट, रविवार

त्याच्या डब्यातली एक चिठ्ठी सापडली. 'आधी पोळी, मग लाडू.' ह्यांच्या जुन्या पाकिटात. ह्यांनी ठेवली होती म्हणजे. मागे भू.च्या अक्षरात, तिसरीतलं असेल, 'लाडू आधी खाल्ला. सॉरी. पोळी पण खाल्ली.'
तेव्हा आपणहून खरं सांगायचा. मीच शिकवलं असेल नंतर, कधी गप्प बसायचं ते.

११ ऑगस्ट, रविवार. धुळे

कानबाईचा सण. यायचं नव्हतं. नाना स्वतः घ्यायला आले. अक्का दारात उभ्या होत्या, माझ्या हातातली पिशवी घेतली.
पहाटे गहू मोजले. दरवर्षीसारखे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नानांची, त्यांच्या दोन्ही मुलांची, तीन नातवांची. ते गहू दळून रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बायकांची मूठ नसते. आम्ही मोजतो, दळतो, लाटतो. आधी मला याचा राग यायचा. आज वाटलं, बरं आहे. माझी मूठ कोणाच्या पोटात नको.
"बठ्ठासनी मूठ व्हयनी," अक्का म्हणाल्या. "आते भूषणनी."
मी म्हटलं, त्याला विचारलंय का?
अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "कानबाईनी मूठ कोणाले इचारीसन लेतस का व?"
मग त्यांनी गव्हात हात घातला. त्यांचा हात सांधेदुखीने पूर्ण मिटत नाही. मूठ भरली, सव्वाची पाव भरली, आणि मग आणखी एक मूठ वर टाकली. हे रीतीत नाही. नानांनी पाहिलं. अक्का म्हणाल्या, "मन्हाकडून." इतकंच. साखरपुड्यात बोललेल्या शब्दांची भरपाई इतकीच. सुपाच्या कडेला हात पुसला आणि उठल्या.
गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाचे रोट. जेवण झालं. मी जेवले.

१३ ऑगस्ट, मंगळवार. जळगाव

काल कानबाई उठली. विसर्जनाला पांझरा नदीवर गेलो. भू.च्या वाट्याचे रोट अक्कांनी फडक्यात बांधून दिले. "तू त्यानी माय. तू खाय, त्याले पोचस."
पोचत नाही अक्का. हा एवढा धडा मला पक्का येतो. एकाने खाल्लेलं दुसऱ्याला पोचत नाही आणि एकाने धरलेला उपास दुसऱ्याला लागत नाही. हे मनातल्या मनात. फडकं घेतलं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आज बोर्ड.
अकरा वाजले. एक. तीन. फोन नाही. मी केला नाही. करायला हात गेला होता.
सकाळी काही खाऊन गेला असेल का? एवढंच विचारायचं होतं. पत्रात लिहिलं होतं मी, जेवलेला असेल त्या दिवशी परीक्षा घ्या. माझ्यावरच्या रागाने उपाशी गेला नसेल ना.
सि. आग्नेस असत्या तर त्या दारात परात घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

१७ ऑगस्ट, शनिवार

एक वाजता फोटो आला. सव्वीस दिवसांनी.
ताट. स्टीलचं, खणांचं, तेच. रिकामं.
खाली एक शब्दही नाही. बोर्डाचं नाही, काही नाही. फोटो मोठा करून पाहिला. चष्मा बदलून पाहिला. एका खणाच्या कोपऱ्यात पिवळसर काहीतरी आहे. वरणाचं असेल. खिडकीतून आलेलं ऊनही असेल. खाऊन संपवलेलं ताट आहे की वाढूनच न घेतलेलं, कळत नाही. आधी खाण्याआधीचा फोटो पाठवायचा. तसं ठरलं होतं.
'काय खाल्लंस' असं लिहिलं. पुसलं. 'बोर्डाचं काय झालं' लिहिलं. तेही पुसलं.
मग लिहिलं, 'विचारू का?'
पाठवलं.
चार वाजत आले. खुणा निळ्या झाल्यात. समोर फडक्यात तीन रोट आहेत, कडेने वाळायला लागलेत. पौर्णिमा परवा.